बांधावर अबोला, ग्रुपवर सल्ला

प्रश्न : आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. माझे धाकटे दीर रात्रीची जेवणं उरकली की मोबाइल घेऊन द्राक्षबागायतदारांच्या ग्रुपवर बसतात. ग्रुपमधला कुणी नाशिकचा, कुणी जतचा, कुणी इंदापूरचा. ज्यांना कधी पाहिलंही नाही अशा माणसांच्या वेलींचे फोटो बघून त्यांना सविस्तर सल्ला लिहितात. एक रुपया मिळत नाही. आणि बांधाला बांध लागून असलेल्या चुलतभावाशी मात्र कित्येक वर्षं अबोला आहे. परक्याला एवढं ज्ञान फुकट द्यायचं आणि घरच्या माणसाला नाही, हे कोडं मला उलगडत नाही.
— एक वाचक भगिनी, जि. सांगली

उत्तर : तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. माणूस परक्याला फुकट का शिकवतो, आणि जवळच्याला का नाही? आधी पहिला घेऊ.

त्याचा अभ्यास झालेला आहे. मॉली वास्को आणि सामेर फराज या दोन संशोधकांनी २००५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेतले वकील ऑनलाइन एकमेकांच्या अडचणी सोडवतात, तेव्हा आपला वेळ ते का खर्च करतात, हे त्यांना शोधायचं होतं. परतफेडीची अपेक्षा हे कारण असेल असा कुणाचाही अंदाज असतो. तसं निघालं नाही. ज्यांना आपली व्यवसायातली पत वाढते असं वाटत होतं, ज्यांच्याजवळ सांगण्यासारखा अनुभव होता आणि ज्यांचं त्या जाळ्यात अनेकांशी बोलणं होतं, ते जास्त देत होते. समोरचा आपल्याला कधी उपयोगी पडेल का, याचा हिशेब त्यांच्या देण्यामागे दिसला नाही.

द्राक्षपट्ट्यात पत म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्याचा सल्ला दोन हंगाम लागू पडला त्याच्या बागेत लांबून माणसं येतात. पण तुमच्या दिरांना आणखी एक गोष्ट मिळत असणार, आणि माझ्या मते ती नावलौकिकापेक्षा मोठी आहे. आपली बाग एकच असते. एका ऑक्टोबर छाटणीनंतर तिच्यात डाऊनी रोगाचा एखादाच हल्ला बघायला मिळतो. ग्रुपवर त्यांना एका हंगामात शेकडो बागा दिसतात. कुणी पानावरचा पिवळसर डाग टाकतो. जाणकार लगेच औषध सांगत नाही, तो म्हणतो, 'पान उलटं करून फोटो टाका.' वरून तेलकट डाग आणि खालून पांढरी बुरशी असेल तर डाऊनी. पानावर, मण्यावर राखेसारखी भुकटी असेल तर भुरी. सांगता सांगता सांगणाऱ्याचीच नजर तयार होत जाते.

आपल्याकडे पैरा असतो. आज मी तुमच्या रानात, उद्या तुम्ही माझ्या. ग्रुपवरचाही पैराच आहे, फक्त तो ज्याचा त्याला फिटत नाही. तुमच्या दिरांनी जतच्या माणसाला सांगितलं, दिरांना अडचण आली तेव्हा उत्तर नाशिकहून आलं, आणि जतच्या माणसाने ते ऋण इंदापूरच्या कुणाच्या तरी बागेत फेडलं. अशा फिरत्या विश्वासाला समाजशास्त्रात सामाजिक भांडवल म्हणतात. बँकेत दिसत नसलं तरी ते भांडवलच आहे, कारण त्यावर पुढची कामं उभी राहतात.

हे मोबाइलने आणलं असं मात्र समजू नका. तुमच्याच भागात ते मोबाइलच्या कितीतरी आधी झालेलं आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. श्रीपाद अच्युत दाभोलकर हे साताऱ्याच्या दाभोलकर घराण्यातले, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे थोरले बंधू. गणिताचे प्राध्यापक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी काम केलं, पुढे कोल्हापुरात राहिले. १९६६ च्या सुमारास त्यांनी 'प्रयोग परिवार' सुरू केला. त्याला ना मोठं कार्यालय होतं, ना सरकारी योजना. शेतकऱ्यांनी आपापल्या रानात लहान प्रयोग करायचे आणि काय झालं ते एकमेकांना कळवायचं. पत्रांतून, भेटींतून, बागेत बसून. तासगाव भागातले द्राक्षबागायतदार या परिवाराचे महत्त्वाचे घटक होते. वेलीला पाणी किती लागतं, पान किती ठेवायचं, घड किती ठेवायचे, ही मोजमापं शेतकरीच घेत आणि शेतकरीच तपासत. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाची नीट गुजराण व्हावी, हा दाभोलकरांचा ध्यास होता. 'प्लेंटी फॉर ऑल' हे त्यांचं पुस्तक १९९८ साली आलं.

दाभोलकरांच्या पद्धतीतलं मर्म 'कळवायचं' या शब्दात आहे. सल्ला देणारे पुष्कळ असतात. सल्ला मानून केलेल्या प्रयोगाचं पुढे काय झालं हे परत येऊन सांगणारे थोडे. प्रयोग परिवारात ते सांगणं ही सभासदत्वाची अट असल्यासारखंच होतं. फसलेला प्रयोगही तिथे सांगण्याजोगा असे. आजच्या ग्रुपवर प्रश्न विचारतात, उत्तर घेतात आणि गप्प होतात. दिरांनी सांगितलेली फवारणी लागू पडली की नाही, हे दिरांनाही कळत नाही आणि वाचणाऱ्या इतरांनाही. ग्रुप चांगला की वाईट हे ओळखायला मी सभासदांचा आकडा बघत नाही. किती जण आठवड्याने येऊन 'असं झालं' म्हणून सांगतात, ते बघतो.

तास-ए-गणेश हे द्राक्षाचं वाणही अशा वातावरणातच वाढलं. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांना थॉमसन सीडलेसच्या बागेत वेगळा वेल दिसला. त्यांनी तो ओळखला, जपला. काडी एका बागेतून दुसऱ्या बागेत जात राहिली आणि तिच्यासोबत ती कशी वाढवायची हेही गेलं.

आता चुलतभाऊ.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधासाठी अमेरिकेतल्या नोकरदारांना विचारलं होतं की, ज्याच्यामुळे नोकरीची बातमी कळली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी नेहमी भेटणाऱ्याकडून कळलेले जेमतेम १७ टक्के निघाले. सुमारे ५६ टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्याने सांगितलं होतं आणि २८ टक्क्यांना क्वचितच भेटणाऱ्याने. कारण सरळ आहे. रोजच्या माणसाला जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. नवी गोष्ट लांबून येते. म्हणूनच तुमच्या दिरांना नाशिकचा माणूस हवासा वाटतो.

शिवाय परक्याला विचारताना मान खाली जात नाही. चुलतभावाला 'तुझा घड असा कसा फुगला?' असं विचारायचं म्हणजे आपलं चुकलं हे मान्य करणं. त्यात बांधाचा वाद, विहिरीच्या पाण्याची पाळी आणि एकच व्यापारी दोघांच्या बागेत भाव सांगणार. परक्याशी यातलं काहीच आड येत नाही. दिरांच्या मनात खोट आहे असं मी म्हणणार नाही. ज्ञान द्यायला जेवढी मोकळीक लागते तेवढी त्या नात्यात उरलेली नाही, एवढंच.

पण इथे तुमचं कोडं आणखी महत्त्वाचं ठरतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मक्याचं संकरित बियाणं आलं तेव्हा रायन आणि ग्रॉस या संशोधकांनी दोन वस्त्यांतल्या २५९ शेतकऱ्यांची चौकशी केली आणि १९४३ साली ती प्रसिद्ध केली. दोघे सोडले तर सगळ्यांनी ते बियाणं घेतलं होतं. बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली होती, पण विश्वास बसला तो शेजाऱ्याचं रान बघून. नवं लांबून कळतं आणि पटतं बांधावर. दिरांनी बांधावरचं बोलणं तोडलं की पटण्याची जागाच गेली.

त्यातून रोग-किडी बांध ओळखत नाहीत. अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा २०१८ साली कर्नाटकात शिवमोग्गा भागात मक्यावर आढळली. काही महिन्यांत ती महाराष्ट्रात आली. सांगली जिल्ह्यातून उभ्या राहिलेल्या 'होय आम्ही शेतकरी' या समूहाशी जोडलेले कीटकशास्त्रज्ञ डॉ. अंकुश चोरमुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ च्या शोधनिबंधात महाराष्ट्रात ऊस आणि इतर पिकांवर तिची नोंद केली. ही अळी ओळखायची खूण मोबाइलच्या फोटोत मावते. डोक्यावर इंग्रजी उलटा 'वाय' आणि शेपटीकडच्या दुसऱ्या खंडावर चौकोनात चार ठिपके. तज्ज्ञ एक, गावं हजारो. अशा वेळी फोटो पुढे जाण्याला तोड नाही. पण पतंग एका रात्रीत लांब उडतो. माझ्या रानात पोंग्यात अळी दिसली हे शेजाऱ्याला त्याच दिवशी कळलं नाही, तर त्याचं रान गेलं आणि अळी माझ्याकडे परत आली.

दुरावलेली माणसं जवळ येतात का? येतात. २०१६ साली पानी फाउंडेशनने पाणलोटाच्या कामांची पहिली वॉटर कप स्पर्धा तीन तालुक्यांत घेतली, त्यात साताऱ्याचा कोरेगाव होता. पहिला क्रमांक कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने मिळवला. समतल चर कसे आखायचे, पाणलोटाची कामं कोणत्या क्रमाने करायची, हे प्रशिक्षणातून बाहेरून आलं. खणायला मात्र गावच लागलं. ज्यांचं एकमेकांशी पटत नाही अशी माणसं ज्या कामाचा फायदा एकट्याला घेता येत नाही त्यावर एकत्र येतात. करोनाच्या काळात याच संस्थेने कृषी विद्यापीठांना सोबत घेऊन डिजिटल शेतीशाळा चालवल्या, म्हणजे लांबचं ज्ञान आणि गावातला गट हे दोन्ही एकत्र बांधता येतात.

एक सावधगिरीही सांगतो. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षं अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे. लिहोसिन म्हणून बागायतदार ते वर्षानुवर्षं वापरत आले होते, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. शंभर जणांनी 'आम्ही वापरतो' म्हटल्याने औषध निर्यातीला चालतं असं होत नाही. तेव्हा दिरांना सांगा, सल्ला देण्याआधी 'माल निर्यातीचा की बेदाण्याचा?' हे विचारत जा. ग्रुपवर कोण बागायतदार आणि कोण औषध विकणारा, हेही ॲडमिनने उघड ठेवायला हवं.

आणि तुम्हाला एक सांगतो. विरळणीच्या वेळी प्रत्येक घड हातात घेणाऱ्या तुम्ही. पानामागची बुरशी बहुतेक आधी तुम्हालाच दिसते, तरी मोबाइल दिरांच्या हातात असतो. तुमची आणि चुलतजावेची बोलणी असतील, तर अबोल्यामुळे फारसं काही अडत नाही. दोन्ही बागांच्या छाटणीच्या तारखा, वाण, शेवटचा पाऊस आणि आधीची फवारणी एका कागदावर लिहा. दोघींनी पान उलटं करून फोटो काढा, दिरांच्या ग्रुपवर टाकायला लावा, आणि आठवड्याने दोन्ही बागांत काय फरक पडला ते त्याच ग्रुपवर कळवा.