घडीचा चाकू आणि एक दाभण

राजगड-तोरणा ही वाट नव्याने सांगायची राहिलेली नाही. गुंजवण्यातून चोरदरवाज्याने पद्मावती माची, पुढे संजीवनी माची, अळू दरवाज्यातून उतरून धारेने बुधला माची, तोरणा आणि खाली वेल्हे. उजाडायच्या आत निघालात तर एका दिवसात होते. इतिहासही बहुतेकांना ठाऊक असतो: राजगड ही रायगडाआधीची स्वराज्याची राजधानी, १६७० मध्ये राजाराम महाराजांचा जन्म इथलाच, तोरणा १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. मला सांगायचं आहे ते या वाटेवरच्या मधल्या तासाभराबद्दल आणि त्या तासात माझ्या हातात असलेल्या चाकूबद्दल.

ऑक्टोबरचा पहिला रविवार होता. आम्ही पाच जण, त्यात माझा भाचा पहिल्यांदाच या वाटेवर. चोरदरवाज्याखालच्या कातळटप्प्यावर सकाळी सातलाच रांग लागलेली. पद्मावती माचीवर बसून काकड्या कापल्या, टोमॅटो कापले, चटणी-पोळी खाल्ली. चाकू माझा, तीन वर्षं वापरातला: साडेतीन इंचांचं पातं, मुठीच्या आतल्या पट्टीचं लॉक. शेजारी एक मोठा गट मोठमोठे चाकू काढून हिरवी कारवी तोडत होता, काठ्या करायला. अर्ध्या तासाने त्यातल्या निम्म्या काठ्या वाटेवर पडलेल्या दिसल्या, सोबत वेफर्सची रिकामी पाकिटं. कमरेला चाकू लटकवला म्हणून कोणी ट्रेकर होत नाही. जाताना डोंगर जसा होता तसा ठेवून जातो, तो ट्रेकर.

निघायच्या आधी मी एक गोष्ट केली, आणि पुढचं सगळं तिच्यातून घडलं. बुटाच्या तळव्याच्या नक्षीत चिखल भरला होता, तो मी चाकूच्या टोकाने उकरून काढला. पातं गवताला पुसलं आणि चाकू मिटून खिशात टाकला. पातं स्वच्छ दिसत होतं. मुठीच्या खाचेत काय गेलं, ते मी पाहिलं नाही.

अळू दरवाजा उतरून धारेवर तासभर चाललो असू, तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, बूट बोलायला लागला." उजव्या बुटाचा तळ टाचेपासून अर्ध्यापर्यंत सुटून लोंबत होता. बूट पाच वर्षांचे, दोन वर्षं माळ्यावर पडून. न वापरताही तळ आणि गोंद जुने होऊन कुजतात, हे सह्याद्रीत फिरणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेलं असतं. मी ठरवलं, कडेच्या रबराला चार भोकं पाडायची आणि नाडीने तळ बांधून टाकायचा.

बूट मांडीत धरला, चाकूचं टोक रबरावर टेकवलं, दाबलं आणि टोक आत जावं म्हणून मूठ डावी-उजवीकडे फिरवली. पहिलं भोक पडलं. दुसऱ्या भोकाला टोक रबरात रुतून बसलं. ते सोडवायला मी मूठ वर ओढली, तसा सगळा जोर पात्याच्या पाठीवर आला. लॉक सुटलं. पातं मिटलं आणि तर्जनीच्या मधल्या पेरावर येऊन बसलं.

पहिले दोन-तीन सेकंद दुखलं नाही. पांढरी रेघ दिसली, मग तिच्यातून रक्त भरून आलं आणि थांबेना. भाच्याने स्वच्छ रुमालाची घडी जखमेवर दाबली, माझा हात छातीच्या वर धरला, आणि एकदाही उचलून न बघता मोबाइलच्या घड्याळावर दहा मिनिटं दाबून ठेवली. दर मिनिटाला रुमाल उचलून बघितलं की धरलेली गुठळी निघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. रक्त थांबल्यावर पिण्याच्या पाण्याने जखम धुतली, गॉज लावून पट्टी बांधली. हळद, कॉफी, तंबाखू यांतलं काहीही लावलं नाही. तुम्हीही लावू नका.

तळ लोंबणारा बूट आणि बांधलेला हात घेऊन पाऊण तासाने आम्ही धारेवरच्या एका घराशी पोचलो. पडवीत एक आजोबा बसले होते. त्यांनी आधी पाण्याचा तांब्या पुढे केला, मग भाच्याचा बूट बघितला. काही न विचारता आढ्याच्या वाशात खोचलेलं दाभण काढलं, सुतळी ओवली आणि पाच मिनिटांत टाचेपासून चवड्यापर्यंत सहा टाके घातले. हाताची पट्टी बघून म्हणाले, "पात्यानं भोक पाडाया जाऊ नये दादा. त्याला दाभण हाय की." भाचा त्याच बुटाने खिंडीतल्या डांबरी रस्त्यापर्यंत चालत गेला. तिथून जीप मिळाली. तोरणा राहिला. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी बोटाचं टोक वाकवून दाखवायला सांगितलं, टोकाला स्पर्श कळतो का पाहिलं, मग चार टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. बोट वाकत नसेल किंवा बधिर असेल, तर कंडरा किंवा मज्जातंतू तुटल्याची शंका धरून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं असतं.

काय निसटलं?

घरी आल्यावर चाकू पूर्ण उघडून टॉर्चखाली धरला. मुठीच्या आत पत्र्याची एक पट्टी असते. पातं उघडलं की ती स्प्रिंगसारखी बाजूला सरकून पात्याच्या बुडाखाली येते आणि पात्याला मिटू देत नाही. माझ्या चाकूत त्या पट्टीमागे सकाळचा चिखल वाळून घट्ट बसला होता, त्यामुळे पट्टी पात्याच्या बुडाखाली जेमतेम नखाच्या जाडीएवढीच सरकली होती. एरवी उघडताना 'खट्' असा भरीव आवाज येतो. त्या दिवशी तो आला नव्हता, हे मला नंतर आठवलं.

घडीच्या चाकूबद्दल जे शिकायचं, ते सगळं यात आहे. आपण चाकू घेताना पातं बघतो, पोलाद बघतो, धार कागदावर चालवून बघतो. पण रोजच्या राबण्यात पातं सहसा हरत नाही, सांधा हरतो. सलग पोलादाचा, मुठीच्या टोकापर्यंत पातं गेलेला चाकू आणि घडीचा चाकू यांत फरक आहे तो एका बारीक खिळ्याचा. सगळा जोर त्या खिळ्यावर आणि लॉकच्या तांदळाएवढ्या टेकूवर येतो.

मिटणारं पातं ही कल्पना जुनी आहे. ऑस्ट्रियातल्या हालश्टाटला सापडलेला हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा मानतात. स्विस सैनिकांचा चाकू १८९१ चा, आणि कार्ल एल्सेनरने अधिकाऱ्यांच्या चाकूची नोंदणी केली ती १८९७ मध्ये. फ्रान्सच्या सावोय भागात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये लाकडी मुठीचा चाकू घडवला. त्याला फिरत्या कड्याचं लॉक मिळालं १९५५ मध्ये, म्हणजे पासष्ट वर्षं लोकांनी तो लॉकशिवाय वापरला. कारण त्यांनी तो कापायला वापरला. कापताना जोर धारेकडून येतो आणि पातं उघडंच राहतं. टोचताना, उचकटताना, पिळताना जोर पाठीवर किंवा बाजूला येतो. लॉक एखाद्या चुकीपासून वाचवण्यासाठी असतं. त्याच्या भरवशावर काम काढायचं नसतं.

कोणता चाकू, कशाला

लॉक नसलेला, नुसत्या स्प्रिंगचा चाकू (नेहमीचा ९१ मिलिमीटरचा लाल स्विस चाकू या प्रकारचा) भाजी, दोरी, पाकिटं, पट्टी कापायला पुरेसा आहे. लॉक नाही हे ठाऊक असल्यामुळे माणूस तो जपून वापरतो. भोक पाडायला त्यात वेगळा टोच्या असतो. पण मिटण्याच्या दिशेने जोर दिला तर तोही मिटतो.

फिरत्या कड्याचा चाकू डोळ्यांना खात्री देतो: कडं फिरलं की लॉक लागलं. पण लाकडी मूठ पावसात फुगते. जुलैत माझा असा चाकू सॅकमध्ये रात्रभर ओला राहिला आणि सकाळी पातं बाहेर येईना. मुठीचं मागचं टोक दगडावर हलके आपटलं, तेव्हा पातं थोडं वर आलं आणि नखात धरता आलं. पावसाळ्यात लाकडी मूठ नको, किंवा मग तिला घरीच जवसाचं तेल मुरवून न्या.

आतल्या पट्टीचं लॉक हलकं आणि एका हाताने उघडणारं असतं, पण चिखल-मातीला सर्वांत हळवं. पाठीवरच्या दांडीचं लॉक घट्ट धरतं, मात्र त्याच्या खाचेत काकडीची बी किंवा गुळाचा चिकटा बसला तर दांडी पूर्ण खाली बसत नाही.

पोलादाबद्दल थोडक्यात. खिशातल्या बहुतेक चाकूंची कठिणता रॉकवेल मापावर ५५ ते ५८ असते आणि आपल्या कामाला तेवढी पुरे. याहून कठीण पातं धार जास्त दिवस धरतं, पण वाकवलं तर टोक तुटतं. साधं कार्बन पोलाद लिंबू-कैरीने काळं पडतं आणि पावसात रात्रीत गंजतं. पावसाळ्यात स्टेनलेस घ्या, तरीही पुसून कोरडंच ठेवा.

निगा

ट्रेकहून आलात की चाकू उघडा आणि सांध्यात कोमट पाणी सोडून जुन्या दातब्रशने घासा. कोरड्या फडक्याने पुसून रात्रभर उघडा ठेवा. सकाळी सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब. खोबरेल सांध्यात नको, ते थंडीत गोठतं आणि धूळ धरतं. पात्यावर मात्र पुसट हात चालेल, कारण त्याच पात्याने आपण खायचं कापतो.

धार घरी लावा. चाकाच्या सहाणेवर ठिणग्या उडेपर्यंत धरलेलं पातं तापतं आणि त्याचं पाणी उतरतं. मग धार लागलेली दिसते, पण दोन टोमॅटोंत बोथटते. साध्या दगडावर दोन्ही बाजूंनी साधारण वीस अंशांत घासा. पातं उभं धरा, निम्मं कलवा, पुन्हा निम्मं कलवा, कोन जवळपास तोच होतो. पिकलेल्या टोमॅटोची साल दाब न देता कापली गेली की पुरे. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, आणि जास्त जोराने लागतं ते बोटालाच.

चाकूने काय करू नये

भोकं पाडू नयेत. डबे, दरवाजे, दगड उचकटू नयेत. माती-चिखल उकरू नये, त्याला वाटेतली काटकी आहे. पात्यावर दगड मारून लाकूड फोडू नये. गडावर चूल पेटवायचीही गरज नाही. झाडावर, तटावर नाव कोरू नये. तीनशे वर्षं ऊन-पाऊस सोसलेल्या चिऱ्यावर आपल्या नावाचं काही काम नाही.

कायदाही ध्यानात ठेवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत चाकूही येतो, आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जायला बंदी आहे. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, वासोटा हे सगळं अभयारण्यांच्या हद्दीतलं. तिथे जाताना वनखात्याकडे आधी विचारा, नाहीतर भाजी घरूनच चिरून न्या. विमानात चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही.

निघण्याआधी दोन मिनिटं

चाकू उघडा आणि आवाज ऐका. लॉक पूर्ण बसलंय का, डोळ्यांनी पाहा. पातं डावी-उजवीकडे हलतं का बघा. हलत असेल तर सांध्याचा स्क्रू सैल झाला आहे. मग मूठ फक्त दोन्ही बाजूंनी धरून, पात्याच्या वाटेत एकही बोट न ठेवता, पात्याची पाठ लाकडी पाटावर हलकेच तीन वेळा आपटा. एकदा जरी पातं मिटलं तरी तो चाकू सॅकमध्ये टाकू नका.

आता माझ्या प्रथमोपचाराच्या डबीत एक दाभण असतं, टोकाला बाटलीचं बूच खोचलेलं, आणि भोवती दोन मीटर मेणाचा दोरा गुंडाळलेला. पुढच्या शनिवारी सॅक भराल तेव्हा तुमच्या डबीतही एक टाका.