केनियास जाण्यापूर्वी

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत कुटुंबीय व स्नेही मिळून केनियातील अभयारण्ये पाहण्याचा मनसुबा आहे, प्रथम तजवीज कशाची करावी? – एक वाचक, मालेगाव

उत्तर : तिकिटांआधी पीतज्वराच्या लसीची, कारण ती मुंबईसारख्या शहरांतील सरकारमान्य केंद्रांतच मिळते, तिचा दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी अंमलात येतो, आणि तो जवळ नसल्यास परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलग राहण्याचा प्रसंग ओढवतो. साठी उलटलेल्या वडीलधाऱ्यांनी ती डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून टोचून घेऊ नये. मसाई मारात नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे कळप जुलै ते ऑक्टोबरात दिसतात, दिवाळीत बहुधा टांझानियाकडे वळलेले असतात. सिंह, हत्ती मात्र बारमाही. ज्या स्नेह्यांस गाडीत तासभर मौन साधत नाही, त्यांस आधी ताडोब्यास नेऊन पाहावे. मंगळवारी तेथील गाभाक्षेत्र बंद असते.