कोरड्या दिवसांत निर्णय नको

चि. भाचीस,


तू लिहितेस, प्रार्थनेला बसलं की आत काहीच हलत नाही, आणि मन नसताना मिस्साला जाणं म्हणजे ढोंग. त्यापेक्षा चर्च काही दिवस सोडून देणं जास्त प्रामाणिक. तुझा प्रामाणिकपणा आवडला. निर्णय पटला नाही.

ढोंग लोकांना दाखवण्यासाठी असतं. पुण्याच्या त्या चर्चमध्ये शेजारच्या बाकावरच्या माणसाला तुझं नावही ठाऊक नाही. तू नाटक करणार कुणासमोर? राहिला भावनेचा प्रश्न. श्रद्धा म्हणजे उमाळा, असं चर्चने कधीच शिकवलेलं नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनसने श्रद्धेची जी मांडणी केली, तिच्यात बुद्धीची संमती आहे, माणसाची इच्छा आहे आणि त्या इच्छेला हलवणारी देवाची कृपा आहे. छातीत काय वाटतं हे त्यात येत नाही. आजी अंथरुणाला खिळली होती तेव्हा तुझी आई रात्र-रात्र उशाशी बसायची. तिला काही दर वेळी प्रेमाचं भरतं येत नसे, झोप येत असे. तिच्या बसण्याला तू ढोंग म्हणशील का?

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, त्याकडे येतो. लोयोलाचा इग्नेशियस मुळात छानछोकीचा सरदार. 1521च्या मे महिन्यात पाम्पलोनाच्या वेढ्यात तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. हाड वेडंवाकडं जुळलं आणि गुडघ्याखाली उंचवटा राहिला. घट्ट बूट नीट दिसावेत म्हणून पठ्ठ्याने ते हाड कापून घेतलं, तेही भूल नसलेल्या काळात! अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला शौर्याच्या कादंबऱ्या हव्या होत्या. घरात निघाली ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा ही पुस्तकं. मग तो कधी एका उमरावीण बाईच्या सेवेची स्वप्नं रंगवायचा, कधी संतांसारखं जगण्याची. रंगवताना दोन्ही गोड लागत. पण पहिली सरल्यावर मन कोरडं पडे आणि दुसरी सरल्यावरही समाधान टिकून राही. ही एवढीशी नोंद त्याने गांभीर्याने घेतली. पुढे ‘आध्यात्मिक साधना’ या त्याच्या पुस्तकात मनाच्या चढउतारांविषयी जे नियम आले, त्यांचं मूळ इथे आहे. पोप तिसरे पॉल यांनी 1548मध्ये त्या पुस्तकाला मान्यता दिली. आपला फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरण्याआधी पॅरिसमध्ये याच साधनेतून गेला होता.

त्यातला एक नियम तुझ्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. मन कोरडं, उदास असेल तेव्हा आधी ठरवलेलं काही बदलायचं नाही. मन निवांत असताना जे ठरवलं होतं, त्यालाच धरून राहायचं. उलट प्रार्थना थोडी वाढवायची. कारण उदास मन सल्लागार म्हणून वाईट असतं. जे त्याला आज दिसत नाही, ते कधी नव्हतंच असं ते छातीठोकपणे सांगतं.

हा कोरडेपणा का येतो, याची कारणंही इग्नेशियस देतो. आपलीच हयगय हे पहिलं. देव आपली पारख करतो, हे दुसरं. आणि प्रार्थनेतला आनंद आपल्या कर्तबगारीचा नसून देणगी आहे हे कळावं, हे तिसरं. पहिलं आधी तपास. रात्री दोनपर्यंत मोबाइल पाहणाऱ्याने सकाळी देव बोलत नाही म्हणून तक्रार करू नये. मदर तेरेसांनाही अंधार सोसावा लागला, असं तुला कुणीतरी ऐकवलंच असेल. ते खरंच आहे, 2007मध्ये त्यांची पत्रं छापली गेली तेव्हा जगाला कळलं. पण पहाटे उठून गरिबांच्या सेवेला लागणाऱ्या त्या बाईचा अंधार आणि आपला रविवारचा आळस एका मापाने मोजू नयेत असं मला वाटतं.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नकोस. मान्रेसा या गावी असताना इग्नेशियसला आपली पापं नीट सांगितलीच गेली नाहीत, या शंकेने इतकं छळलं की जीव द्यावा असं त्याच्या मनात येई. देव सोडवीपर्यंत जेवणार नाही म्हणून त्याने आठवडाभर अन्न सोडलं. शेवटी त्याचं पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने त्याला जेवायची आज्ञा केली. झोप, भूक, कामातलं लक्ष असं सगळंच गेलं असेल, तर आधी डॉक्टरकडे जा. त्यात श्रद्धेचा कमीपणा नाही.

रात्री दहा मिनिटं काढ. आज मिळालेल्याबद्दल आभार मान, प्रकाश माग आणि सकाळपासूनचा दिवस तासागणिक बघ: कुठे प्रेमाने वागलीस, कुठे टाळलंस. चुकलं त्याची क्षमा माग, उद्याचं एक ठरव. शब्द सुचले नाहीत तरी चालेल. लिझ्यूची संत तेरेझा तर प्रार्थनेत चक्क झोपी जायची, आणि तरीही चर्चने तिला आचार्यपद दिलं.

रविवारच्या मिस्साचं बंधन खरं आहे. मात्र आजारपण, लहान मूल किंवा टाळता न येणारं काम असेल तर सूट आहे. शिफ्ट रविवारची असेल तर शनिवारी संध्याकाळचा मिस्सा चालतो. कारण नसताना, समजून-उमजून चुकवला असशील तर कम्युनियनआधी पापनिवेदन कर. गंभीर विषय, पूर्ण जाणीव आणि मोकळी संमती, ही तिन्ही असली तरच ते मरणप्राय पाप. तेव्हा सगळ्याच चुकांना तेवढी मोठी करू नकोस. एक धर्मगुरू निवड आणि हे सगळं त्यांना सांग. सैतानाला गुप्तता हवी असते, असं इग्नेशियस म्हणतो. माझा अनुभवही तोच: तोंडाने बोलून दाखवलं की निम्मं भय जातं.

कोरडेपणा संपेलच, असं वचन मी देत नाही. उत्तराची घाई नको. मन जरा निवांत असेल अशा दिवशी बसून लिही. तेव्हाही तुझं मत हेच असेल, तर कारणांसकट लिही. मग या विषयावर आपण नीट वाद घालू.

तुझा,
मामा