सिंधुदुर्ग जिल्हा : माणसें, कारभार आणि सामाईक सातबारा

कोणत्याही जिल्ह्याचा कारभार समजून घ्यावयाचा असल्यास तेथें माणसें किती राहतात आणि जमीन कोणाच्या नांवें आहे, हें प्रथम पाहावें लागतें. आज आम्ही सिंधुदुर्गाचें उदाहरण घेत आहों. कारण या दोन गोष्टींचा मेळ तेथें बसत नाहीं.

हा जिल्हा १ मे १९८१ रोजीं रत्नागिरीपासून वेगळा झाला. मुख्य ठाणें ओरोस, तालुके आठ. २००१ च्या शिरगणतींत येथें ८,६८,८२५ माणसें भरलीं, २०११ मध्यें ८,४९,६५१. दहा वर्षांत १९,१७४ माणसें कमी! त्याच काळांत सबंध महाराष्ट्राची वस्ती शेंकडा सोळांनीं वाढली. जिल्ह्यांत सांथ नव्हती, दुष्काळ नव्हता. कुटुंबें लहान झालीं आणि तरुण मंडळी मुंबईस, पुण्यास, गोव्यास गेली. पुरुष ४,१७,३३२ आणि स्त्रिया ४,३२,३१९, हे आंकडेच घरीं कोण राहिलें तें सांगतात. २०२१ ची गणना झाली नाहीं. पुढील गणनेचा संदर्भदिवस १ मार्च २०२७ हा जाहीर झालेला आहे.

कारभाराच्या शाखा दोन. शाळा, रस्ते, पाणी यांचें काम १९६१ च्या कायद्यान्वयें जिल्हा परिषद व पंचायत समिति, तसेंच ग्रामपंचायत पाहतात. जमिनीचें दप्तर मात्र जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार, मंडळ अधिकारी आणि तलाठी या महसुली साखळीकडे आहे. (तलाठ्यास अलीकडे ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गांवकरी अद्याप तलाठीच म्हणतात.) शेतकऱ्याची खरी अडचण या दुसऱ्या शाखेंत आहे.

माणूस गांव सोडतो, त्याचें नांव सातबारा सोडीत नाहीं. समजा, आजोबांच्या नांवें ऐशीं गुंठे वरकस जमीन होती. त्यांस चार मुलगे व दोन मुली. तिसऱ्या पिढींत वीस नांवें होतात. त्यांपैकीं अठरा परगांवीं, आणि कांहीं मयतांचीं नांवें तशींच राहिलेलीं. मागें राहिलेला एक भाऊ कलमें लावतो, गवत काढतो, वणव्यापासून राखण करितो. परंतु फळबागेच्या अनुदानाचा किंवा कर्जाचा अर्ज करावयास गेला कीं इतर हिस्सेदारांचें संमतिपत्र आणा, असें त्यास सांगतात. तो कंटाळून घरीं येतो व जमीन पड राहते. यांत अधिकाऱ्यास सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं. दप्तरांत जीं नांवें आहेत तींच त्यानें मानावयाचीं.

उपाय कायद्यांत आहे. जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १४९ प्रमाणें वारसाहक्कानें जमीन मिळाल्यास तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास कळवावयाचें असतें. मुदत टळली म्हणून हक्क जात नाहीं; मात्र एका मृत्यूची नोंद राहिली असतां दुसरा घडला कीं गुंता दुप्पट होतो. वारसांची नांवें नमुना ६-क मध्यें, नंतर फेरफाराची नोंद नमुना ६ मध्यें. संबंधितांस नोटीस जाते, हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद मंजूर करितात, आणि मग सातबारा बदलतो. मुलींचीं नांवें गाळण्याचा मोह कित्येकांस होतो. तो करूं नये. २००५ पासून वडिलोपार्जित हिंदु मिळकतींत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि गाळलेलें नांव पुढें हरकत होऊन परत येतें.

वारसनोंद म्हणजे वाटणी नव्हे. वाटणीकरितां सर्व हिस्सेदारांनीं कलम ८५ खालीं तहसीलदाराकडे अर्ज करावा. मालकीविषयींच वाद असेल तर तो दिवाणी न्यायालयाचा विषय होतो, व तेथें वर्षें जातात. २०२१ पासून ई-पीक पाहणींत शेतकरी स्वतः पिकाची नोंद करितो. कसणाऱ्यानें ती अवश्य करावी, परंतु तिनें मालकी सिद्ध होते असें समजूं नये.

सर्व हिस्सेदार एकत्र आणणें हेंच कठीण. पण चाकरमानी मंडळी चतुर्थीस घरीं येतेच. त्यापूर्वीं एक महिना चालू सातबारा व आठ-अ चे उतारे, मयतांचे दाखले आणि मुलींसह सर्वांची वंशावळ तयार ठेवावी. बांधांवर प्रत्यक्ष वहिवाट कोणाची कोठें आहे याचा कच्चा नकाशा काढावा. गणपतीचे दिवस कचेरीच्या सुटीचेही असतात. म्हणून सह्या घरींच घेऊन, अर्ज देण्याकरितां एका भावानें दोन दिवस मागें राहावें.