दगडावरचे नाव

माझी आत्या साठ वर्षांची आहे. गेल्या वर्षी ती साक्षरतेच्या वर्गाला गेली. अंगठा सुटला, सही आली. एके दिवशी ती म्हणाली, "अरे, लेण्याद्रीला चारदा गेले, नुसते हात जोडून आले. आता अक्षर कळतं. चल, नीट बघू."

आम्ही डिंगोऱ्याहून एस.टी.ने जुन्नरला गेलो. तिथून लेण्याद्री सुमारे ५ किलोमीटर. वर सुमारे ३०० पायऱ्या. आत्या दम खात खात चढली.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत २०० हून जास्त लेणी आहेत. बहुतेक बौद्धांची आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथे भिक्षू राहत. नाणेघाटाच्या वाटेने कोकणचा माल वर येई. व्यापारी आणि कारागीर भिक्षूंना दान देत.

लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात आज गिरिजात्मज गणपती आहे. मुळात तो भिक्षूंचा विहार. आत २० खोल्या आहेत. सहाव्या लेण्यात दगडी स्तूप आहे. तिथे एक गुरुजी मुलांना जुना लेख समजावत होते. लिपी ब्राह्मी. अर्थ असा : कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिले.

गुरुजी म्हणाले, "जुन्नरच्या लेखांत बांबूचे काम करणारे आहेत, कासार आहेत, धान्याचे व्यापारीही आहेत."

"म्हणजे आपल्यासारखीच माणसं की!" आत्या म्हणाली.

परतताना ती एका भिंतीशी थांबली. तिथे कोणीकोणी नावे कोरली होती. आत्या बोट धरून एकेक अक्षर लावू लागली. एक नाव तिने पुन्हा वाचले. मग माझ्याकडे पाहिले.

मी मान खाली घातली. ते नाव माझे होते. शाळेच्या सहलीत मी ते खिळ्याने कोरले होते.

आत्या रागावली नाही. एवढेच म्हणाली, "त्यानं लेणं दिलं, मग नाव लिहिलं. तू काय दिलंस?"

मला उत्तर सुचले नाही.

मंडळी, जुन्या लेण्यांवर काही कोरणे हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. कोरलेले पुसताही येत नाही. लिहायचे तर वहीत लिहा.

शब्दार्थ
विहार – भिक्षूंची राहण्याची जागा
चैत्यगृह – स्तूप असलेले प्रार्थनेचे लेणे

प्रश्न
१. चैत्यगृह कोणी दान दिले?
२. आत्याने भिंतीवर काय वाचले?
३. तुमच्या गावाजवळ जुने लेणे किंवा देऊळ आहे का? त्याची माहिती चार ओळींत लिहा.