समुद्राची वेळ

अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले, म्हणजे समुद्रात कुलाबा किल्ल्याचा काळा तट दिसतो. भरतीच्या वेळी तो चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला असतो. पुरती ओहोटी झाली म्हणजे त्याच समुद्रातून त्याच्याकडे जाणारी वाट उघडी पडते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे अलिबागला आजोळी गेलो होतो. शाळेची घंटा नव्हती, की लवकर उठण्याची घाई नव्हती. पडवीत पिकत घातलेल्या आंब्यांचा वास दरवळत असे आणि दिवस कसा मावळला, ते कळतही नसे. एके रात्री मामा म्हणाले, “उद्या सगळे मिळून किल्ल्यावर जाऊ.”

आजोबांनी पंचांग पाहिले. “उद्या वैशाख वद्य तृतीया. बाळू, तिथीला तिनाने गुण आणि चाराने भाग.”

बाळूने बोटे मोजली. “तीन त्रिक नऊ, नवाला चाराने भागले की सव्वादोन!”

“शाबास! म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती. तिच्या आधी सुमारे सहा तास पूर्ण ओहोटी. सकाळी आठला वाट मोकळी असेल. साडेनऊला मात्र आपण किनाऱ्यावर परत आलेले असले पाहिजे.”

हा आपल्या किनाऱ्यावरील लोकांचा जुना, अदमासाचा हिशेब आहे. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, म्हणून तिथीवरून ती सांगता येते. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास पाणी खूप चढते व खूप ओसरते. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो; तो भांग.

सकाळी सातला आम्ही निघालो. आजी आणि दोन वर्षांची छकुली घोडागाडीत बसल्या. बाकीचे सारे पायी. पश्चिमेस किल्ल्याच्या वर फिकट चंद्र अजून रेंगाळत होता. पायांखाली काळसर, घट्ट वाळू होती. इवलेसे खेकडे बिळातून बाहेर येत आणि वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून भोवती मांडून ठेवीत. बाळूने शिंपल्यांनी पिशवी भरली.

किल्ल्यात शिरल्यावर आजोबा म्हणाले, “या किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८० साली सुरू केले. त्याच वर्षी महाराजांचे निधन झाले आणि पुढचे काम संभाजी महाराजांनी पूर्ण केले. पुढे कान्होजी आंग्रे यांनी येथून आरमार चालवले. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होऊन चालून आले, तरी त्यांना हा किल्ला घेता आला नाही.”

ताईने तटाच्या दगडांवरून हात फिरवला. “आजोबा, या दगडांच्या सांध्यांत चुना कसा नाही?”

“तेच तर कौशल्य! लाट आदळली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर तेथेच मोडतो. भिंतीला सारा धक्का सोसावा लागत नाही.”

गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो. चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये हे गोडे पाणी! मामीने दशम्या सोडल्या. गार वारा सुटला होता. कोणालाच उठावेसे वाटेना.

नऊ वाजताच आजोबा उठले. “चला.”

“थोडे थांबू या ना, आजोबा,” आम्ही विनवले. मामाही म्हणाले, “बाबा, वाट अजून कोरडी आहे.”

“घरच्या माणसांना थांबा म्हणता येते; समुद्राला म्हणता येत नाही,” आजोबा शांतपणे म्हणाले. “भरतीचे पाणी आधी किनाऱ्याजवळचे खोलगट भाग भरते. पुढचा उंचवटा कोरडा दिसतो आणि माणसाला वाटते, अजून वेळ आहे.”

अर्ध्या वाटेवर आलो, तो त्यांचे म्हणणे खरे ठरले. सकाळी कोरड्या असलेल्या खळग्यात बाळूच्या गुडघ्याएवढे पाणी होते. ते ओलांडले आणि बाळू एकदम थबकला. “माझी पिशवी! तळ्याच्या पायरीवर राहिली!” तो मागे धावणार, तोच आजोबांनी त्याचे मनगट धरले.

“एका धावेत आणतो, आजोबा!”

“नाही. पिशवी किल्ल्यात सुखरूप आहे. तूही सुखरूप राहायला हवास.”

बाळूचे डोळे भरून आले. पण आजोबांची पकड सैल झाली नाही. तासाभराने आम्ही किनाऱ्यावरून पाहिले, तेव्हा त्या वाटेची खूणही उरली नव्हती. जेथे आम्ही पावले उमटवली होती, तेथे लाटा फुटत होत्या. बाळू बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत राहिला. मग त्याने आपण होऊन आजोबांचा हात धरला.

घरी परतण्यापूर्वी आम्ही वाळूचा एक किल्ला रचला. संध्याकाळी येऊन पाहतो, तो दुपारच्या भरतीने तो पुसून नेला होता. दूर समुद्रात तो दुसरा किल्ला मात्र मावळत्या उन्हात तसाच उभा होता.

बाळू बोटांवर काही मोजू लागला. “उद्या चतुर्थी. चार त्रिक बारा. चाराने भागले, तीन. म्हणजे ओहोटी सकाळी नऊला. आजोबा, उद्या पिशवी आणायला जायचे?”

“जाऊ,” आजोबा हसून म्हणाले, “आणि परत कधी निघायचे, ते उद्या तू सांगायचेस.”

शब्दार्थ
तट – किल्ल्याची भिंत. पडवी – घराची पुढची उतरत्या छपराची जागा. अदमास – अंदाज. दशमी – दुधात पीठ भिजवून केलेली भाकरी. खळगा – लहान खोलगट जागा.

स्वाध्याय
१. आजोबांनी परतण्याची वेळ आधीच का ठरवली?
२. तटाच्या दगडांत चुना नसण्याचा उपयोग कोणता?
३. आजोबांनी बाळूला मागे जाऊ दिले नाही. तुम्हांस हे योग्य वाटते काय? सकारण लिहा.
४. शुद्ध पंचमीस भरती केव्हा येईल, ते पाठातील रीतीने काढा.