दाढेची गाठ

आणे गावी रंगदासस्वामींच्या यात्रेत आमटी-भाकरी खायची, तर दाढा धड हव्यात. पण धडधाकट गड्यालाही कधी एक दाढ भारी पडते.

दाढ किडली की जंतू मुळाशी शिरतात. तिथे पू होतो. वेळेवर इलाज केला, तर बहुधा माणूस लवकर बरा होतो.

क्वचित मात्र एक निराळा जंतू डाव साधतो. त्याचे नाव ॲक्टिनोमायसीस. एरवी तो तोंडात गुपचूप राहतो. दाढ दुखायची थांबते, आपण विसरतो. काही आठवड्यांनी जबड्यावर टणक गाठ येते. ती फुटते. पुवात पिवळे बारीक कण दिसतात. एक तोंड बुजते, शेजारी दुसरे फुटते. बैलाच्या जबड्यालाही याच जातीच्या जंतूने गाठ येते. माणसातला हा रोग बर्लिनचे डॉक्टर जेम्स इस्राएल यांनी १८७८ साली उजेडात आणला.

हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पेनिसिलीनने तो बरा होतो. पण औषध काही महिने घ्यावे लागते. मधेच सोडले, तर गाठ परत येते.

म्हणून गाठीला डाग देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. पू तपासून घ्या.

आणि जबड्याखाली सूज आली, तोंड उघडेना, घास गिळवेना, श्वास कोंडला, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा. रात्रीच मोठा दवाखाना गाठा.